रुपयात गुणायचं ते पगाराला की शिल्लकीला? सांगली, सातारा आणि जगातली महाग शहरं

हिशोबी

सांगली-मिरजेत आता घराघरांत हा विषय निघतोय. कुणाच्या मुलाला झुरिकची ऑफर येते, कुणाच्या सुनेला सिंगापूरची, आणि चहा व्हायच्या आत कुणीतरी मोबाईलवर गुणाकार करतं. ७,२०० फ्रँक गुणिले १०५, म्हणजे महिन्याला साडेसात लाख! त्यावर दुसरं कुणीतरी म्हणतं, "तिकडं खर्चही तेवढाच असतो." दोन्ही वाक्यांतून काहीच कळत नाही, आणि निर्णय मात्र त्यांच्यावरच घेतले जातात. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच. तिकडचा पगार रुपयात करू नका, तिकडचा खर्चही करू नका. तिकडच्या पैशात मिळकत मांडा, तिकडच्याच पैशात खर्च वजा करा, आणि जी शिल्लक उरेल तेवढीच रुपयात करा. सांगलीचा हिशोब पूर्ण रुपयात करा. मग दोन शिल्लकी शेजारी ठेवा.

कारण समजून घेतलं की हे पटतं. बाजारातल्या वस्तू दोन जातीच्या. मोबाईल, सोनं, पेट्रोल, लॅपटॉप या जगभर फिरणाऱ्या वस्तू. त्यांचा भाव कर आणि जकात सोडली तर सगळीकडं जवळपास सारखा. दुसऱ्या जातीत केस कापणं, धुणीभांडी, रिक्षा, शिकवणी, घरभाडं येतं. ते जहाजात भरून नेता येत नाही, त्यामुळे त्याचा भाव त्या गावच्या मजुरीवर ठरतो. सांगलीतल्या विश्रामबागच्या न्हाव्याच्या आणि झुरिकच्या न्हाव्याच्या हातात कात्री तीच, वेळ तेवढाच. पण झुरिकचा न्हावी तिथल्या कारखान्यात गेला असता तर जेवढा रोज मिळाला असता तेवढा त्याला दुकानातून सुटायलाच हवा, नाहीतर तो दुकान कशाला उघडेल? बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये हे स्वतंत्रपणे मांडलं, आजही ते दोघांच्या नावानं ओळखलं जातं.

आता आकडा. जागतिक बँकेच्या तुलना कार्यक्रमात २०१७ साठी भारताचा क्रयशक्तीचा दर निघाला डॉलरला २०.६५ रुपये. त्या वर्षी बाजारात डॉलर होता ६५.१२ रुपयांना. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे येतं, ते सरासरीनं इथं २०-२१ रुपयांत येत होतं, ६५ लागत नव्हते. पण हा दर अख्ख्या देशाच्या उत्पन्नाचा आहे. त्यात सरकारी सेवा, बांधकाम, यंत्रं सगळं आलं. त्यावरून एका कुटुंबाची ऑफर तोलायची नाही. त्यासाठी कुटुंबाचीच यादी लागते.

---

कृष्णाकाठ

हिशोबीराव, नेटवर एक साईट आहे नंबेओ. तिथं शहराचं नाव टाकलं की तुलना येते. मग एवढी खटपट कशाला? आणि जगातल्या महाग शहरांच्या त्या मोठ्या याद्यांत सांगली कितव्या नंबरला असेल?

---

हिशोबी

मोठ्या याद्यांत सांगली नाही, आणि असती तरी उपयोग झाला नसता. त्या याद्या कुणासाठी केल्यात ते आधी बघा.

मर्सर या सल्लागार कंपनीची यादी कंपन्यांसाठी असते, परदेशी पाठवलेल्या माणसाला भत्ता किती द्यायचा ते ठरवायला. न्यूयॉर्कला पाया धरून दोनशेच्या वर वस्तू मोजतात, घरभाड्यासकट. २०२४ ला पहिली पाच शहरं होती हाँगकाँग, सिंगापूर, झुरिक, जिनिव्हा, बाझल. मुंबई १३६ वी. आता परदेशी साहेबाच्या टोपलीत काय असणार? आयात चीज, वाईन, बड्या वस्तीतला फ्लॅट. ती टोपली घेऊन सांगलीत कुणी बाजाराला जात नाही.

दुसरी यादी इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची, म्हणजे 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाच्या समूहातल्या संशोधन शाखेची. तिच्या निर्देशांकात घरभाडंच नसतं! २०२१ ला तेल अवीव पहिलं होतं, २०२२ ला न्यूयॉर्क आणि सिंगापूर, २०२३ ला सिंगापूर आणि झुरिक. पहिला नंबर असा हलत राहतो याचा अर्थ तिथली भाजी एका वर्षात दुप्पट झाली असा नाही. सगळं डॉलरमध्ये मोजतात, त्यामुळे चलन हललं की नंबर हलतो. येन पडला तेव्हा टोकियो यादीत घसरलं; टोकियोत येनमध्ये पगार घेणाऱ्याला त्यामुळे काही स्वस्त झालं नाही.

नंबेओवर लोक स्वतः भाव भरतात. मोठ्या शहराला नोंदी भरपूर असतात, त्यामुळे एखादी चूक खपून जाते. सांगलीएवढ्या गावाला मोजक्याच नोंदी. त्यात एकानं वर्षाचं भाडं महिन्याच्या रकान्यात टाकलं की सगळा आकडा गंडला. तिथून झुरिकचे वस्तूवार भाव घ्या, ते बरे असतात. सांगलीचे भाव मंडईतून आणि किराण्याच्या बिलावरून घ्या.

---

डंक_आणि_उखळ

यादी करायची तर नीट करू. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण एवढं लागतं: दूध ४५ लिटर, गहू १० ते १२ किलो, ज्वारी ८ ते १०, तांदूळ ६ ते ८, डाळी ४, गोडेतेल ४ लिटर, साखर ४ किलो, शेंगदाणे २. गॅसची टाकी १४.२ किलोची, ती ३५ ते ४५ दिवस जाते. वीज १२० ते १५० युनिट. पुढं ज्यानं त्यानं आपल्या बिलातले भाव घालावेत.

चूक होते ती घरच्या मालात. सांगली जिल्ह्यात निम्म्या घरांना गावाकडून काहीतरी येतंच. शाळूचं पोतं, गूळ, हळद, शेंगा. हे "फुकट" म्हणून यादीतून गाळलं की सांगली आहे त्यापेक्षा फार स्वस्त दिसायला लागते. ते पोतं बाजारात विकलं असतं तर जे आले असते तो त्याचा भाव. तेवढा खर्च धरा. आजी नातवंडं सांभाळते तेही तसंच. तिला पगार नाही, पण परदेशी गेलं की पाळणाघराचं बिल येतंच.

वर्षाची चटणी घ्या. एक किलो मिरचीला (ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला) पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, अर्धा-पाऊण किलो कांदा, तीळ, मीठ, खडा मसाला, तेल. कांदा चिरून वाळवायचा, मिरचीचे देठ खुडायचे, मसाला भाजायचा, मग डंकावर (कुटायच्या यंत्रावर) न्यायचं. दोन किलोच्या आसपास चटणी होते. आता खर्च लिहिताना लोक मिरची-खोबऱ्याचे पैसे लिहितात, डंकवाल्याची कुटाई लिहितात. देठ खुडणं, वाळवणं, भाजणं यात घरातल्या बाईचे दोन दिवस जातात, ते कुठंच लिहीत नाहीत. झुरिकमध्ये ते दोन दिवस विकत घ्यायचे म्हटले तर एका किलो चटणीला सोन्याचा भाव येईल. सांगली स्वस्त आहे त्यातला मोठा भाग हा न मोजलेल्या हातांचा आहे, हे माझं मत मी ठासून सांगते.

---

कृष्णाकाठ

ताई, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पटलं.

---

लिम्माटकाठ

झुरिकची बाजू मांडतो. इथल्या खर्चात चार गोष्टी आपल्याकडच्या माणसाच्या लक्षातच येत नाहीत.

पहिली, आरोग्य विमा. तो सक्तीचा, आणि माणशी वेगळा. नोकरी देणारा भरत नाही, पगारातून कापलाही जात नाही, तुम्हीच हप्ता भरायचा. तान्ह्या मुलालाही स्वतंत्र पॉलिसी लागते. २०२५ मध्ये देशभराचा सरासरी हप्ता महिना ३७८.७० फ्रँक होता, सगळ्या वयांचा मिळून. प्रौढाचा त्याहून जास्त, मुलांचा बराच कमी. शिवाय वर्षभरातल्या दवाखान्याच्या बिलांतली पहिली ठराविक रक्कम आपल्या खिशातून जाते. प्रौढांना ती ३०० ते २,५०० फ्रँकमध्ये निवडता येते, जास्त निवडली की हप्ता कमी. त्यानंतरच्या बिलाचे १० टक्के आपणच, वर्षाला कमाल ७०० फ्रँक. आल्यापासून तीन महिन्यांत विमा काढायची मुभा आहे, पण हप्ता आल्या दिवसापासूनचा लागतो. तिसऱ्या महिन्यात काढला म्हणून दोन महिने वाचत नाहीत, तिन्हींचं बिल एकदम येतं.

दुसरी, घर. इथं खोल्या मोजायची रीत निराळी. स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. "साडेतीन खोल्या" म्हणजे दोन बेडरूम, एक बैठकीची खोली आणि जेवायची थोडी जागा, म्हणजे आपल्या टू बीएचकेच्या जवळपास. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि आतलं असतं, १ चौ. मी. म्हणजे १०.७६ चौ. फूट. सांगलीत बिल्डर सांगतो तो बहुधा सुपर बिल्टअप, जिना-लॉबी धरून. त्यातून कार्पेट एरिया (घराच्या आतलं क्षेत्रफळ) काढल्याशिवाय दोन्हींची चौरस फुटांवर तुलना करू नका. जाहिरातीत भाडं दोन तऱ्हांनी लिहितात, हीटिंग-पाणी वगैरे धरून आणि सोडून. धरूनचा आकडा घ्या.

तिसरी, पाळणाघर. अनुदान नसेल तर पूर्ण दिवसाला १०० फ्रँकच्या वर. महिन्याला २० दिवस म्हटलं तर २,००० च्या पुढं. एकट्याच्या पगारावर आलेल्या कुटुंबाला दुसऱ्यानं नोकरी धरावी की नाही, हे याच एका आकड्यावर ठरतं.

चौथी लहान आहे, कचरा. शहराच्या ठराविक पिशव्या विकत घेऊन त्यातच टाकावा लागतो.

---

हिशोबी

लिम्माटकाठ, मोठं काम केलंत. आता तुमच्या मुद्द्यांवर हिशोब मांडतो. खालचे आकडे उदाहरणापुरते धरलेत, ज्यानं त्यानं आपले घालावेत. नवरा-बायको, एक मूल, एकटा कमावता. फ्रँक १०५ रुपये.

झुरिक: हातात ७,२००. भाडं सगळं धरून २,६००. तिघांचा विमा १,०१०. किराणा-भाजी-दूध १,१००. बस-ट्राम पास १८०. वीज-फोन-इंटरनेट २००. कपडे, औषध, किरकोळ ७००. वर्षातून एकदा गावी यायची तिकिटं महिन्यात वाटून ४००. बेरीज ६,१९०. शिल्लक १,०१० फ्रँक, म्हणजे १,०६,०५० रुपये.

सांगली: हातात ८०,०००. भाडं १२,०००. किराणा-भाजी-दूध १६,०००. शाळा ५,०००. गाडी-पेट्रोल ४,०००. वीज-गॅस-फोन ४,५००. आरोग्य विमा ३,०००. किरकोळ ८,०००. बेरीज ५२,५००. शिल्लक २७,५००.

पगार रुपयात केला तर झुरिक साडेनऊ पट दिसतं. शिल्लकीत ते पावणेचार पटीच्या जरासं वर आहे. सांगलीत स्वतःचं घर असलं तर इथली शिल्लक ३९,५०० होते आणि फरक २.७ पटीवर येतो.

आता झुरिकचं भाडं २,६०० ऐवजी ३,००० लागलं असं धरा. भाडं वाढलं १५ टक्के, शिल्लक घटली ४० टक्के! १,०१० चे ६१० राहिले, रुपयात ६४,०५०. महाग शहरात शिल्लक ही दोन मोठ्या आकड्यांतली लहान फट असते. एक आकडा थोडा सरकला की फट बुजते. म्हणून घरभाडं अंदाजानं धरायचं नाही. ऑफर स्वीकारायच्या आधी त्या शहरातल्या निदान २०-२५ जाहिराती वाचून मधला आकडा घ्या.

सांगलीच्या बाजूला आरोग्य विमा मुद्दाम धरलाय. मिरजेत दवाखाने भरपूर, म्हणून लोक विमा गाळतात, मग तुलना लंगडी होते. तिकडं सक्तीचा विमा मोजायचा आणि इकडं शून्य, असं नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेव्हा जुन्या पावतीवरचा हप्ता उतरवू नका.

---

अजिंक्यतारा

साताऱ्याचं काय? एक आकडा तर सरकारच देतं. केंद्राच्या नोकरांचा घरभाडे भत्ता सध्या एक्स शहरांना मूळ पगाराच्या ३० टक्के, वाय ला २०, झेड ला १० (१ जानेवारी २०२४ पासून, महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर). पुणे एक्स, सांगली वाय, सातारा झेड. मूळ पगार ५०,००० असेल तर पुण्यात १५,०००, सांगलीत १०,०००, साताऱ्यात ५,०००. मग सातारा सांगलीच्या निम्म्यात म्हणायचं का?

---

हिशोबी

नाही. हे वर्ग भाडं बघून पाडलेले नाहीत, लोकसंख्या बघून पाडलेत. ५० लाखांच्या वर एक्स, ५ ते ५० लाख वाय, त्याखाली झेड. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड मिळून पाच लाखांच्या जरा वर गेलं आणि वाय मध्ये बसलं. सातारा लहान, म्हणून झेड. पण साताऱ्यात महामार्ग, पुण्याची जवळीक आणि डोंगरउतारामुळं कमी पडणारी सपाट जागा, यामुळे चांगल्या वस्तीतलं भाडं सांगलीच्या निम्मं नक्कीच नसतं. भत्त्याचा वर्ग हा खर्चाचा पुरावा नाही. साताऱ्याच्या कर्मचाऱ्याला यात खरंच तोटा बसतो आणि त्याबद्दल बोललं पाहिजे.

---

गावभाग

सांगलीच्या भाड्यात पूर कुणीच धरत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. गावभाग, मारुती चौक, सांगलवाडी, शामरावनगर इथं तळमजल्याचं भाडं विश्रामबागपेक्षा कमी दिसतं, ते याचसाठी. तिथं राहणार असाल तर सामान हलवायचा टेम्पो दोन फेऱ्या, आठ-दहा दिवस दुसरीकडं मुक्काम, भिजलेली गादी-कपाट, मोटार आणि फ्रीजची दुरुस्ती हे धरा. माझ्या मते वर्षाला एका महिन्याचं भाडं बाजूला टाकावं. भाडं ८,००० असेल तर महिन्याला साधारण ६७० रुपये चढवून मग तुलना करा. घर बघायला गेलात की मालकाला थेट विचारा, "२०१९ ला पाणी कुठवर होतं?" भिंतीवर खूण दिसतेच, रंग दिला असला तरी खालचा गिलावा फुगलेला असतो.

---

मिरज_जंक्शन

सिंगापूरचं सांगतो, कारण आपल्याकडची मुलं जास्त करून तिकडं जातात.

जेवण ही तिथली मोठी सोय. हॉकर सेंटरमध्ये (स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत) एक वेळचं पोटभर जेवण ५-६ सिंगापूर डॉलरला होतं. तेच मॉलमधल्या हॉटेलात दुपटी-तिपटीनं, वर सेवा आकार आणि ९ टक्के जीएसटी (१ जानेवारी २०२४ पासून). यादीत सिंगापूर पहिलं येण्यात गाडीचा मोठा हात आहे. गाडी घ्यायचा परवाना १० वर्षांचा, लिलावात मिळतो, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान गाडीचा परवानाच एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता, गाडीची किंमत वेगळी. गाडी घेतली नाही तर या महागाईचा तुमच्याशी संबंधच नाही. मेट्रो आणि बस उत्तम आहे.

खबरदारी पगाराच्या चिठ्ठीत. तिथल्या नागरिकाच्या आणि कायम रहिवाशाच्या पगारातून भविष्य निधीला २० टक्के जातात, मालक वर १७ टक्के घालतो (५५ वर्षांपर्यंत). वर्क पासवर (नोकरीच्या परवान्यावर) आलेल्या परदेशी माणसाला हे लागूच नाही. हातात जास्त येतं, पण म्हातारपणासाठी मालक काही घालत नाही. सांगलीतल्या नोकरीत पीएफ असेल तर तुमचा आणि मालकाचा असे दोन्ही वाटे सांगलीच्या शिल्लकीत मिळवा, नाहीतर सिंगापूर उगाच मोठं दिसेल. मुलांची सरकारी शाळेची फी परदेशी मुलांना वेगळी आणि बरीच जास्त आहे, तीही आधीच बघा.

---

डंक_आणि_उखळ

शिल्लकीचा हिशोब पगारदारांना ठीक आहे. पण "सांगली स्वस्त" हे कुणासाठी ते एकदा मिनिटांत मोजून बघा. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ ला दिवसाला ३१२ रुपये. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. दूध लिटरला ६० धरलं तर एका लिटरसाठी ९२ मिनिटं राबायचं. जिनिव्हा प्रांताचं किमान वेतन २०२५ ला तासाला २४.४८ फ्रँक. तिथं दूध १.७० फ्रँक धरलं तर चार मिनिटं. आपण ज्याला स्वस्ताई म्हणतो ती दुसऱ्या कुणाची तरी कमी मजुरी असते. मोलकरणीला महिन्याला काय देतो ते लिहिताना हे ध्यानात असावं.

---

कृष्णाकाठ

ताईंचा हिशोब धाग्याच्या वर लावून ठेवावा असा आहे.

एक विचारायचं होतं. समजा शिल्लक पटली, जायचं ठरलं. सांगलीतून निघताना खिशात किती लागतात?

---

लिम्माटकाठ

इथंच लोक अडकतात. महिन्याचा ताळा बसलेला असतो, पण पहिल्या महिन्याची रोकड नसते. वरच्या उदाहरणातलं घर घ्या. अनामत कायद्यानं कमाल तीन महिन्यांचं भाडं, आणि बहुतेक मालक पूर्ण तीन मागतात. पहिलं भाडं आगाऊ. म्हणजे २,६०० चे चारपट, १०,४०० फ्रँक, साधारण ११ लाख रुपये, आणि पगार होणार महिनाअखेरीला. अनामत तुमच्याच नावाच्या बँक खात्यात अडकून राहते, घर सोडताना मिळते, म्हणून ती खर्चात धरू नका. पण द्यावी लागतेच. त्यावर विम्याचं तीन महिन्यांचं एकदम आलेलं बिल, ३,०३० फ्रँक.

घरासाठी अर्ज करताना कर्जवसुलीच्या नोंदवहीचा उतारा मागतात, तुमच्यावर थकबाकी नाही याचा. नव्या माणसाकडं तो नसतो. त्याच्या जागी नोकरीचा करार आणि कंपनीचं पत्र जोडा. ऑफरवर सही करायच्या आधी कंपनीकडं तीन गोष्टी लेखी मागा: पहिले एक-दोन महिने राहायची सोय, पगाराची उचल, आणि अनामतीसाठी हमी किंवा बिनव्याजी रक्कम. सही झाल्यावर मागितलं तर "आमच्याकडं तशी पद्धत नाही" एवढंच उत्तर येतं.

---

कृष्णाकाठ

आणि लंडनला?

---

मिरज_जंक्शन

लंडनला अनामत कमी, वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण व्हिसाच्या वेळीच आरोग्य अधिभार भरावा लागतो, फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, आणि व्हिसा जेवढ्या वर्षांचा तेवढ्या वर्षांचा एकदम. तीन वर्षांच्या व्हिसाला नवरा-बायकोचे ६,२१० पौंड विमानात बसायच्या आधीच जातात. कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) भाडेकरूनं भरायचा असतो, तो भाड्याच्या जाहिरातीत लिहिलेला नसतो. घराचा पिनकोड आणि कराचा बँड (वर्ग) बघून कौन्सिलच्या साईटवरून आकडा काढा आणि भाड्यातच मिळवून धरा.